चाचणीपुरता तुकडा

दोरखंडाच्या कारखान्यात तपासनिसांचं काम एकच होतं: चांगला दोर घ्यायचा आणि तो तुटेपर्यंत ओढायचा. यंत्राच्या दोन जबड्यांत दोराचा तुकडा अडकवायचा, चाक फिरवत राहायचं, काटा चढताना बघायचा आणि फटकन आवाज झाला की समाधानाने मान हलवायची. मग त्या तुटलेल्या दोराच्या भावंडांना पास करायचं. ज्याची परीक्षा झाली तो कचऱ्यात आणि ज्याची झालीच नाही तो बाजारात, असा तिथला न्याय होता. त्यात काही चमत्कारिक आहे असं तपासनिसांना उभ्या नोकरीत एकदाही वाटलं नाही.

कारखान्यातली ही सवय त्यांच्याबरोबर घरीही यायची. काडेपेटी घेतली की दुकानाच्या पायरीवरच ते काड्या ओढून बघत, आणि माल चांगला आहे अशी खात्री पटेपर्यंत पेटी अर्धी झालेली असे. नवी छत्री ते नळाखाली धरत. मुलीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं तेव्हा मुलगा त्यांना मनापासून आवडला; पण त्याचा थोडासा भाग आधी तोडून बघता आला नाही, ही रुखरुख राहिलीच.

त्यांची बायको घराच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायची. गिऱ्हाईकं मागच्या दाराने येत, म्हणून सगळे त्यांना 'मागच्या दारच्या बाई' म्हणत. अर्ध्या वस्तीच्या कॉलरी त्यांनी उलटून लावल्या होत्या, उरलेल्या अर्ध्या वस्तीच्या पँटी कमरेत सैल करून दिल्या होत्या; पण त्यांचं नाव काय, हे विचारलं असतं तर वस्तीतल्या कुणालाही सांगता आलं नसतं. पुढच्या दारावर पितळी पाटी होती. तिच्यावर तपासनिसांचं नाव, हुद्दा आणि कारखान्याचं नाव होतं, आणि रिटायर झाल्यावरही ते ती पाटी दर रविवारी घासून लख्ख करत.

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघर तपासायला घेतलं. कुठल्या डब्याचं झाकण किती वेळा उघडल्यावर सैल होतं, हे बघण्यासाठी ते झाकणं उघडत आणि लावत बसले. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मुलीला फोन केला. त्या काय बोलल्या कोण जाणे, पण थोड्याच दिवसांत मुलीकडून एक मोठं खोकं आलं. आत टेबलावर बसेल एवढं, संगणकावर चालणारं कोरकामाचं मशीन होतं. संगणकावर अक्षर काढायचं, खाली लाकूड आवळून बसवायचं, की वरची मोटर गरागरा फिरत, पुढे-मागे सरकत ते अक्षर लाकडात कोरून काढते. मोटरीच्या तोंडात जे कापणारं पातं बसतं, त्याला बिट म्हणायचं. 'बाबांचा वेळ जाईल,' असं मुलीने चिठ्ठीत लिहिलं होतं. त्यांचा वेळ गेला, यात वाद नाही.

त्याच सुमारास बाईंनी मोठ्या रस्त्यावर एक अरुंद दुकान भाड्याने घेतलं, एका बाजूला किल्ल्या करणारा आणि दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. पहिल्या तारखेला उघडायचं ठरलं. शिवणयंत्र दुकानात गेलं, मागची खोली मशीनला मिळाली, आणि त्याच खोलीत बाईंनी भिंतीशी उभी असलेली एक फळी तपासनिसांच्या हवाली केली.

बाईंचे वडील शिंपी होते. ही फळी म्हणजे त्यांच्या कापड बेतायच्या टेबलाचा वरचा भाग. बाई कात्री धरायला शिकल्या त्या याच टेबलाशी, पायाखाली पाट घेऊन. टेबलाच्या पायांना वाळवी लागली आणि ते गेले, फळी मात्र जशीच्या तशी राहिली: जुनी सागाची, दारापेक्षा लांब, मधोमध हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. तिच्या पुढच्या कडेवर वडिलांनी चाकूने खाचा केल्या होत्या, दर बोटाला एक बारीक आणि दर वितीला एक खोल. कापड त्या कडेशी ताणून धरलं की टेप लागत नसे. बाई अजूनही तसंच मापत. आता ही फळी दुकानावर पाटी म्हणून लावायची, खाचांची कड खाली ठेवायची, आणि तिच्यावर दोन ओळी कोरून घ्यायच्या असं त्यांच्या मनात होतं. खालची ओळ, 'नवे कपडे शिवून आणि जुने दुरुस्त करून मिळतील.' वरच्या ओळीत नाव.

"कुणाचं नाव?" तपासनिसांनी विचारलं.

"माझं," बाई म्हणाल्या. "शिवते मीच ना?"

तपासनिसांना यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी फळी मशीनखाली सरकवली, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. खोक्यात बिटांची एक डबी होती. एक बिट भुसा वर उडवणारं, एक तो खाली दाबणारं, एक गोल डोक्याचं, एक पेन्सिलीसारखं टोकदार. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की लाकूड पाहून योग्य बिट व योग्य वेग निवडावा. प्रकृती पाहून योग्य औषध घ्यावं असं सांगून डॉक्टरने फी घ्यावी, त्यातला हा प्रकार. मोटर मिनिटाला किती फेरे घेणार, ती लाकडातून किती वेगाने पुढे सरकणार आणि एका वेळी किती खोल जाणार, हे सगळं माणसाने आपलं आपण ठरवायचं होतं.

अशा अडलेल्या माणसांसाठी मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात दोन जाणकार होते. एक दातांचे डॉक्टर, ज्यांनी हौसेने असंच मशीन घेतलं होतं आणि जे प्रत्येक प्रश्नाला फेरे कमी करा असं उत्तर देत. दुसरे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्याकडे सूत्र होतं: सरकण्याच्या वेगाला फेऱ्यांनी आणि बिटाच्या धारांनी भागायचं, म्हणजे प्रत्येक धार दर फेऱ्याला किती लाकूड खाते ते कळतं. त्यांच्याकडे मशीन मात्र नव्हतं, त्यामुळे त्यांचं कधीच काही चुकत नसे. या दोघांचं एकमेकांशी कशावरही पटत नव्हतं, फक्त एका गोष्टीवर पटत होतं. आधी चाचणी करा, आणि ती त्याच लाकडावर करा. बाजारातला कोवळा साग आणि घरातला मुरलेला साग यांचा स्वभाव वेगळा, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

हे वाचून तपासनिसांना भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

त्यांनी करवत घेतली आणि फळीच्या डाव्या टोकाची चार बोटं रुंदीची आडवी पट्टी कापली. एवढ्या लांब फळीला चार बोटं म्हणजे काहीच नाही. काय कोरायचं हेही त्यांनी विचार करूनच ठरवलं. दर वेळी वेगळं अक्षर कोरलं तर तुलना कशाची करणार? म्हणून अक्षर एकच, बायकोच्या नावाचं पहिलं.

पहिल्या चाचणीत त्यांनी स्वभावाप्रमाणे केलं. फेरे भरपूर ठेवले, कारण ताकद असलेली बरी, आणि पुढे सरकण्याचा वेग अगदी कमी ठेवला, कारण घाई कशाला. बिट एकाच जागी किंचाळत उभं राहिलं. खाली भुसा पडायच्या ऐवजी पीठ पडलं, खोलीत धूर झाला आणि अक्षर काळंठिक्कर निघालं. तपासनिसांनी अनुभवी माणसासारखा निष्कर्ष काढला की अजूनही घाईच होते आहे. त्यांनी वेग आणखी कमी केला. धूर वाढला. त्यांनी तो आणखी कमी केला, तेव्हा शेजारी काय जळतंय ते विचारायला आला.

प्राध्यापकांनी ग्रुपवर समजावून सांगितलं. फेरे इतके आणि पुढे सरकणं इतकंसं, तर धारेला खायला मिळणार काय? ती नुसती घासत बसते, घासून तापते, स्वतः बोथट होते आणि लाकूड जाळते. चावण्यासारखं काही द्या तिला, पुढे रेटा. तपासनिसांना हे पचायला जड गेलं. आयुष्यात जिथे धूर दिसला तिथे ते हळू झाले होते, आणि इथे हळू होणं हेच धुराचं मूळ निघालं. तरी हुकूम मानून त्यांनी रेटलं, आणि मनाला येईल तेवढं रेटलं. फटकन आवाज झाला आणि बिटाचे दोन तुकडे झाले. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून त्यांना फार बरं वाटलं. निदान वरची मर्यादा तरी कळली.

आता खालची आणि वरची मर्यादा हातात होती, मधली जागा शोधायची होती. तपासनिसांनी ती कारखान्याच्या शिस्तीने शोधली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी फेरे, मग वेग, मग खोली. बिट बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक चाचणीला नवी पट्टी, कारण वापरलेल्या पट्टीवर केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर ते बिट, फेरे आणि वेग लिहीत आणि ती ओळीने मांडणीवर उभी करत. मांडणी भरत होती. तपासनिसांना वाटत होतं की काम जोरात चाललं आहे.

फळी आखूड होत होती, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. फक्त त्याचा अर्थ ते मजकूर लांब आहे असा लावत. एके दिवशी ते दुकानात गेले. बाई एका परकराची कड टाचत होत्या आणि त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. तपासनीस म्हणाले की पाटीवर जास्त मजकूर असला की लोक वाचत नाहीत, दुरुस्तीचं काढून टाकू या का? बाईंनी टाचण्यांमधून हुं केलं. पुढच्या खेपेलाही टाचण्या होत्याच, कारण तपासनीस आता वेळ बघूनच जात. शिवून मिळतील असं लिहायची गरज काय, शिंप्याच्या दुकानात दुसरं काय मिळणार, असा त्यांचा मुद्दा होता. बाईंनी या वेळी हुंसुद्धा केलं नाही, म्हणजे संमतीच. ते दारापर्यंत पोचले तेव्हा मात्र बाईंनी एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचून ठेवल्या.

"बाकी काय काढायचं ते काढा," त्या म्हणाल्या. "नाव राहू द्या."

"नाव तर राहणारच," तपासनीस म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते, हे सांगायला हवं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते नाव स्वच्छ, कोरीव, कुठेही न जळलेलं उभं होतं. म्हणूनच तर एवढा खटाटोप.

पण भुसा वर उडवणाऱ्या बिटाने अक्षराच्या कडा पिंजल्या. खाली दाबणाऱ्या बिटाने कडा स्वच्छ ठेवल्या, पण भुसा खाचेत कोंबून तळ तापवला. टोकदार बिट सगळ्यांत सुरेख निघालं, फक्त शिरोरेषेवरून खाली कान्यात वळताना ते क्षणभर थबकत होतं आणि त्या कोपऱ्यात तिळाएवढा काळा डाग पडत होता. तो डाग दुसऱ्या कुणाला भिंग लावूनही दिसला नसता. तपासनिसांना रात्रंदिवस दुसरं काही दिसेना. दातांचे डॉक्टर म्हणाले फेरे कमी करा. प्राध्यापक म्हणाले वळणावर वेग पडतो तो सांभाळा. पट्ट्या पडत राहिल्या. नाव थोडं बारीक अक्षरांत कोरावं, बारीक अक्षर जास्त सुसंस्कृत दिसतं, असं तपासनिसांचं मत झालं. नंतर आणखी बारीक, असं मत झालं.

आणि एका सकाळी जमलं. मोटरीचा आवाज किंचाळायचा थांबला आणि एका सुरात लागला. बिटाखालून पीठ नाही, पातळ पातळ कीस निघाला, हाताला जेमतेम कोमट. अक्षर असं उतरलं की जणू ते लाकडात आधीपासून होतं आणि कुणीतरी फक्त वरची धूळ झाडली. कोपऱ्यात डाग नव्हता. तपासनीस खुर्चीवर बसले आणि त्यांना मनापासून आनंद झाला, नोकरीत कधी झाला नव्हता तेवढा. त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. डॉक्टर म्हणाले फेरे कमी केल्याचा परिणाम, प्राध्यापक म्हणाले सूत्राचा परिणाम, आणि मग त्यांनीच विचारलं, आता पाटी कधी दाखवताय?

तपासनीस फळी घ्यायला मागे वळले. कारखान्यात मागे वळलं की मालाचे ढीग असायचे. एक तुकडा तुटला तरी ढिगाला कळतही नसे. इथे भिंतीशी काही नव्हतं. ज्या तुकड्यावर ते सुंदर अक्षर उतरलं होतं, तो चाचणीसाठी कापलेला नव्हताच. कापण्याएवढं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेलंच आवळलं होतं.

ते तसेच उभे असताना बाई आल्या. गळ्यात टेप होता. खिळे ठोकणारा माणूस दुकानात येऊन थांबला होता आणि त्याला पाटीची लांबी हवी होती. तपासनिसांनी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. बाईंनी अक्षरातून बोट फिरवलं.

"छान आलंय हो," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच छान आलं होतं. "बाकीची अक्षरं कुठे आहेत?"

तपासनीस म्हणाले की या लाकडाला कुठलं बिट, किती फेरे आणि किती वेग, हे आता पक्कं कळलं आहे, आता चूक होणं शक्यच नाही.

"कुठल्या लाकडाला?" बाईंनी विचारलं.

मग त्यांची नजर मांडणीकडे गेली. त्यांनी एक पट्टी उचलली, उलटी केली, आणि त्यांच्या अंगठ्याला कडेवरची खाच लागली. त्यांनी दुसरी उचलली. तिच्यावरही तीन-चार खाचा होत्या. आडव्या कापलेल्या प्रत्येक पट्टीने त्या कडेचा आपापला वाटा नेला होता. बाई मशीनच्या खुर्चीवर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर तपासनिसांना सुटल्यासारखं झालं असतं.

"माझ्या बाबांच्या हाताच्या खुणा होत्या या," त्या म्हणाल्या. "पाठीवर आकडे लिहिताना एकदा तरी कडेला बघायचं होतं."

पट्ट्या तशाच ठेवून त्या दुकानात निघून गेल्या. तपासनिसांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि ती किती ताण सोसेल हे बघायची इच्छा त्यांना झाली नाही.

बाईंनी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने पत्र्यावर दोरी ताणली, ब्रश बुडवला आणि एका बैठकीत नाव लिहून टाकलं. अक्षरं लाल, जरा उजवीकडे झुकलेली, पण पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येत होती. दुकान पहिल्या तारखेला उघडलं.

तपासनीस मागच्या खोलीत पट्ट्या मांडत बसले होते. पाठीवरच्या आकड्यांवरून कुठली आधी, कुठली नंतर हे कळत होतं. सगळ्या ओळीने लावल्या आणि सरस घेतला. सरस कसा धरतो हे आधी एखाद्या तुकड्यावर बघावं म्हणून हात आपोआप पुढे झाला आणि थांबला. जास्तीचा तुकडा नव्हता. त्यांनी न तपासता सरस लावला आणि पट्ट्या आवळून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तो सांधलेला प्रकार खांद्यावर घेऊन ते दुकानात गेले. फळीवर तेच एक अक्षर पुन्हा पुन्हा, आधी काळं, मग तपकिरी, मग पिंजलेलं, शेवटी स्वच्छ. जसं कुणीतरी एक नाव घ्यायला जातं आणि दर वेळी पहिल्या अक्षराशीच अडखळतं. बाईंनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. त्यांनी फळी टेबलावर घेतली, गळ्यातला टेप काढला आणि खाचांच्या कडेशी धरला. मग पुन्हा धरला.

"आखूड आहे," त्या म्हणाल्या.

तपासनिसांनी खाली वाकून पाहिलं. प्रत्येक कापात करवतीने आपल्या जाडीएवढं लाकूड खाल्लं होतं. जिथे जिथे सांधा होता तिथे तिथे बोट पूर्ण भरत नव्हतं, आणि वीत तर कुठेच भरत नव्हती. या कडेवर मापून शिवलेला प्रत्येक कपडा तोकडा होणार होता.

"टाकून देऊ?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी टेप पुन्हा गळ्यात टाकला. "नको," त्या म्हणाल्या. "त्या भिंतीला लावा. हिच्यावर मी फक्त तुमचे कपडे मापीन."

तपासनिसांना वाटलं, रागात बोलल्या, विसरतील. पण बाईंनी चांगलं कापड घेतलं, नीट शिवण घातली, काजं उत्तम केली आणि शर्ट त्यांच्या हातात दिला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या. हात वर केला की शर्ट पँटीतून बाहेर येत होता. तपासनिसांनी तो अंगात घातला आणि दुकानाच्या बाकावर जाऊन बसले.

त्या शर्टाच्या पहिल्याच दिवशी एक अनोळखी गिऱ्हाईक आलं. बाहेर थांबून त्याने पाटी वाचली आणि आत येऊन बाईंना त्यांच्या नावाने हाक मारली. बाई चटकन वळल्याच नाहीत. दुकानात त्या नावाने हाक यायची त्यांना सवय नव्हती. त्या टेप घेऊन पुढे येईपर्यंत गिऱ्हाइकाचं लक्ष बाकावर गेलं. त्याने बाह्यांकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि हातातलं कापड जरा छातीशी ओढून घेत विचारलं, हा शर्ट इथेच शिवलाय का?

तपासनिसांनी बाही खाली ओढून पाहिली. ती आली नाही.

"हा चाचणीचा आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांचे बरोबर येतात."

गिऱ्हाइकाने कापड टेबलावर ठेवलं आणि माप द्यायला हात पुढे केला.